चमक नको, राखण हवी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



दिवाळी जवळ आली की एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. किल्ल्यावर मांडायची चित्रं यंदा मुलांनी घरीच रंगवलेली असतात. मावळे, घोडेस्वार, तोफा, डोक्यावर घागरी घेतलेल्या गवळणी आणि सिंहासनावर बसलेले महाराज. रंगकाम मनासारखं झालेलं असतं. आता त्यावर काय लावलं म्हणजे रंग टिकेल, असं विचारतात. आणि शेवटी एक पुस्ती जोडलेली असते, "पण चमकायला नको हं!"

सगळी मेख या पुस्तीतच आहे. रंग टिकायला हवा आणि तो चमकता कामा नये, या दोन मागण्या एका दिशेनं जात नाहीत. एक थोडी पुरी करावी तर दुसरी थोडी सोडावी लागते. त्यामुळे मॅट वॉर्निश, म्हणजे न चमकणारं वॉर्निश, निवडताना दुकानात जाऊन 'एक चांगलीशी बाटली द्या' म्हणून भागत नाही. आधी घरी बसून थोडा विचार करावा लागतो. आज त्या विचाराबद्दलच बोलायचं आहे.

हा प्रश्न फक्त किल्ल्यापुरता नाही. प्लॅस्टिकची विमानं नि रणगाडे जोडणारे, आगगाडीच्या छोट्या प्रतिकृतींत स्टेशनावर माणसं उभी करणारे, टेबलावर मांडून खेळायच्या लढायांचे शिपाई रंगवणारे, या सगळ्यांचा तो प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये १९८३ साली 'वॉरहॅमर' नावाचा असा एक खेळ निघाला. त्यातले शिपाई जेमतेम अंगठ्याएवढे असतात आणि ते रंगवायला लोक प्रत्येकी कित्येक तास घालवतात. आपल्याकडच्या शहरांतूनही हा छंद करणारी तरुण मुलं आता भेटतात. मावळा मातीचा असो की शिपाई प्लॅस्टिकचा, त्याच्या रंगाला बाधणाऱ्या गोष्टी त्याच असतात.

त्या कोणत्या? पहिली म्हणजे आपली बोटं. बोटांना घाम असतो, तेलकटपणा असतो. चित्र उचलताना आपण ते नेहमी ठरावीक जागी धरतो, आणि रंग तिथलाच आधी जातो. भाल्याचं टोक, ढालीची कड, घोड्याचे कान, माणसाचं नाक. दुसरी गोष्ट म्हणजे ओल. तिसरी धूळ. अॅक्रिलिक रंग वाळला तरी उन्हाळ्यात किंचित मऊ पडतो आणि धूळ त्यात रुतून बसते. चौथी गोष्ट म्हणजे ऊन. या चारांपैकी पहिल्या तिघांना वॉर्निश चांगलं थोपवतं. उन्हाला मात्र फारसं थोपवत नाही. बाटलीवर 'अतिनील किरणांपासून संरक्षण' असं छापलेलं असलं, तरी लहान चित्रावर आपण देतो तो थर इतका पातळ असतो की त्याच्या भरवशावर चित्र खिडकीत ठेवू नये.

आता चमकेचं पाहू. चमक नको असं आपल्याला का वाटतं? नव्या वस्तूची चमक तर आपल्याला आवडते. सावंतवाडीची लाकडी फळं, लाखेचा हात दिलेले भोवरे, पॉलिश केलेला पाट, या सगळ्यांची चमक म्हणजे नवेपणाची खूणच. मग मावळ्यानं काय घोडं मारलं?

त्याचं उत्तर आकारात आहे. आठ-साडेआठ सेंटीमीटर उंचीचा मावळा म्हणजे खऱ्या माणसाचा साधारण विसावा भाग. तो आपण हातभर अंतरावरून, म्हणजे सुमारे ५० सेंटीमीटरवरून पाहिला, तर खरा माणूस १० मीटरवरून पाहिल्यासारखं होतं. दहा मीटरवर उभ्या असलेल्या माणसाचा अंगरखा काही चमकत नाही. घोंगडी चमकत नाही, दगडी बुरूज चमकत नाही. पण चित्रावर चकचकीत वॉर्निश असेल, तर घरातल्या ट्यूबलाइटचा एक पांढरा पट्टा मावळ्याच्या खांद्यावरून थेट गुडघ्यापर्यंत उतरतो. माणूस लहान केला तरी ट्यूबलाइट काही लहान होत नाही. शिवाय मुलानं चुण्यांमध्ये गडद रंग आणि उंचवट्यांवर फिकट रंग देऊन उजेड-सावली स्वतः रंगवलेली असते. तो पट्टा ती पुसून टाकतो.

म्हणूनच या क्षेत्रात फार आधीपासून दोन घराणी झाली. विल्यम ब्रिटन यांच्या लंडनच्या कंपनीनं १८९३ साली आतून पोकळ असे शिशाचे शिपाई ओतायला सुरुवात केली आणि ते मुलांच्या हाती स्वस्तात पडू लागले. त्यांचे रंग चकचकीत असत. एच. जी. वेल्स या प्रसिद्ध लेखकानं १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक लिहून खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम बांधून दिले, ते अशाच शिपायांसाठी. ते हातात घेऊन खेळण्यासाठी होते, तेव्हा त्यांना चकचकीत कवच शोभून दिसे आणि उपयोगीही पडे. पुढे मोठ्या माणसांनी इतिहासाचा अभ्यास करून, गणवेशाचं बटण न् बटण बरोबर रंगवून, कपाटात ठेवण्यासाठी शिपाई करायला सुरुवात केली. ते मॅट असत. पहिले हातासाठी आणि दुसरे डोळ्यांसाठी.

माझ्या मते वॉर्निश निवडताना स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न हाच. हे चित्र हातासाठी आहे की डोळ्यांसाठी? आणि दोन्हींसाठी असेल, तर अधिक कशासाठी?

हा प्रश्न एवढा महत्त्वाचा का, हे समजायला मॅट वॉर्निश मॅट कशामुळे होतं ते पाहायला हवं. वॉर्निश म्हणजे मुळात पारदर्शक राळेचा थर. तो वाळल्यावर त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत राहिला तर उजेड आरशासारखा एकाच दिशेला परततो, आणि त्यालाच आपण चमक म्हणतो. पृष्ठभाग खडबडीत असेल तर उजेड चहूकडे विखुरतो आणि चमक दिसत नाही. तळ्यातलं संथ पाणी आणि वाऱ्यानं शहारलेलं पाणी यांत जो फरक, तोच इथं. हा खडबडीतपणा आणण्यासाठी कारखान्यात वॉर्निशमध्ये अतिशय बारीक पूड घालतात. ती बहुधा सिलिकाची असते. वाळू ज्या द्रव्याची बनलेली असते, तेच हे द्रव्य. थर वाळून आक्रसला की पुडीचे कण पृष्ठभागावर सूक्ष्म टेकाडं उभी करतात.

म्हणजे मॅट वॉर्निश हे चकचकीत वॉर्निशच असतं, फक्त त्यात पूड घातलेली असते. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

पूड आहे म्हणून ती बाटलीच्या तळाशी बसते. बाटली न ढवळता वरचं वॉर्निश वापरलं तर मॅट म्हणून आणलेलं वॉर्निश चमकतं. आणि बाटलीच्या तळाशी उरलेलं, पुडीनं गच्च झालेलं वॉर्निश वापरलं तर चित्रावर पांढरट साय धरते. दोन्ही वेळा आपण कंपनीला बोल लावतो. म्हणून बाटली आधी तळहातांमध्ये फिरवावी, मग काडीनं तळापासून ढवळावी. जोरजोरात हलवली तर बुडबुडे होतात आणि ते चित्रावर तसेच वाळतात. फवाऱ्याचा डबा मात्र हलवायचाच असतो, आतली गोळी खुळखुळायला लागल्यावर आणखी मिनिट-दोन मिनिटं.

पूड आहे म्हणून थर थोडा कच्चा राहतो. त्याच कंपनीचं चकचकीत वॉर्निश सहसा मॅटपेक्षा घासाला अधिक टिकतं, कारण त्यात राळ सलग असते. मॅट थर वारंवार हाताळला की त्याची टेकाडं झिजतात आणि नेमक्या त्याच जागा पुन्हा चमकू लागतात. जुन्या पँटीची बैठक चमकते तशी.

पूड आहे म्हणून रंगही जरा बदलतो. नदीतला ओला गोटा आठवा. पाण्यात त्याचे रंग किती खुललेले दिसतात, आणि खिशात घालून घरी आणला की तोच गोटा फिका पडलेला असतो. चकचकीत वॉर्निश चित्राला ओल्या गोट्याची कळा देतं आणि मॅट वॉर्निश सुक्या गोट्याची. काळा, गडद निळा आणि किरमिजी हे रंग मॅटखाली थोडे राखाडी वाटतात. सोनेरी आणि चंदेरी रंगांचं तर फारच नुकसान होतं. महाराजांचं सोनेरी सिंहासन मॅटखाली पितळी नव्हे, मातकट दिसू लागतं.

या सगळ्यावर जाणत्या रंगाऱ्यांनी काढलेला तोडगा साधा आहे. राखणीचं काम चकचकीत वॉर्निशकडे द्यायचं आणि दिसण्याचं काम मॅटकडे. आधी चकचकीत वॉर्निशचे एक किंवा दोन पातळ हात, ते नीट वाळले की वरून मॅटचा एकच पातळ हात. खालचा थर रंग सांभाळतो आणि वरचा फक्त चमक मारतो. पुढं कधी वरचा थर झिजलाच, तर रंगाला धक्का लागत नाही. मॅटचा आणखी एक हात दिला की काम झालं. मुलांच्या हाती जाणाऱ्या चित्रांना ही जोडी हवीच. जे चित्र वर्षभर काचेच्या कपाटात राहणार आहे, त्याला नुसत्या मॅटचा एक पातळ हात पुरे.

आणि जिथं चमक खरोखरच शोभते, तिथं ती नंतर परत द्यावी. सिंहासन, तलवारीचं पातं, तोफेचं तोंड यांवर मॅट वाळल्यावर बारीक कुंचल्यानं चकचकीत वॉर्निश फिरवावं. घागरीतल्या पाण्यावर एक थेंब, डोळ्यांवर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. गणपतीच्या मूर्तीत डोळ्यांची आखणी झाली की मूर्ती पाहू लागते असं आपण म्हणतो. मॅट चेहऱ्यावर डोळे तेवढे ओलसर दिसले की लहान चित्रातही तीच जान येते.

आता बाटली निवडू या. दुकानात तिला चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, तू पाण्यातली की थिनरमधली? कारण खाली जो रंग आहे तो वॉर्निशच्या द्रवात विरघळता कामा नये. मुलं बहुतेक वेळा पोस्टर कलर वापरतात. त्यात रंग धरून ठेवणारा पदार्थ डिंकासारखा असतो आणि तो वाळल्यावरही पाण्यानं सुटतो. त्यावर पाण्यातलं वॉर्निश कुंचल्यानं लावलं तर महाराजांचा जिरेटोप दाढीत उतरतो. पोस्टर कलरवर फवाऱ्याचं वॉर्निशच बरं, तेही अगदी हलक्या हातानं. अॅक्रिलिक रंग एकदा वाळला की पाण्याला दाद देत नाही, त्यामुळे त्यावर पाण्यातलं अॅक्रिलिक वॉर्निश उत्तम. ऑइलपेंट म्हणून आपण जो एनॅमल रंग वापरतो, त्यावर जहाल थिनरचं लॅकर मारलं तर रंगाला सुरकुत्या पडतात. तिथं एनॅमल पुरता वाळू द्यावा, काही दिवस जाऊ द्यावेत, आणि मग पाण्यातलं अॅक्रिलिक वॉर्निश वापरावं.

दुसरा प्रश्न, तू पिवळी पडणार का? सुताराकडचं लाकडासाठीचं वॉर्निश बळकट असतं, पण तेलातली वॉर्निशं काळाबरोबर पिवळी होतात. लाखेचं पॉलिश तर मुळातच मधाच्या रंगाचं असतं. लाकडावर ते सुंदर दिसतं, पण पांढऱ्या घोड्यावर दिसत नाही. निव्वळ अॅक्रिलिक वॉर्निश या बाबतीत सर्वांत विश्वासाचं.

तिसरा प्रश्न, तुझं 'मॅट' म्हणजे किती मॅट? कारखान्यांत चमक मोजण्याचं यंत्र असतं. ठरावीक कोनातून उजेड टाकून किती परत येतो ते पाहतात. घासून गुळगुळीत केलेल्या काळ्या काचेला १०० मानलं, तर ६० अंशांच्या कोनात ७० च्या वर आकडा आला की तो पृष्ठभाग चकचकीत आणि १० च्या खाली आला की मॅट, असा ढोबळ हिशेब. पण हा आकडा छंदाच्या बाटल्यांवर क्वचितच छापतात. त्यामुळे एका कंपनीचं मॅट हे दुसरीचं सॅटिन, म्हणजे मंद चमकेचं, निघू शकतं. नावावर जाऊ नये, लावून पाहावं.

चौथा प्रश्न, तू पुढे काढता येशील का? याकडे मी थोड्या वेळानं येतो.

घरगुती उपायांबद्दलही लोक विचारतात. पांढरा गोंद पाण्यात कालवून लावला तर तो चमकतो आणि ओलीनं पुन्हा मऊ पडतो. केसांवर मारायचा स्प्रे तर पाण्यानं सुटतो. इतका, की प्रतिकृती करणारे लोक रंग मुद्दाम उडवलेला दाखवण्यासाठी रंगाखाली तो मारतात आणि नंतर ओल्या कुंचल्यानं वरचा रंग सोडवतात! पारदर्शक नेलपॉलिशमधला द्रव अॅक्रिलिक रंगच विरघळवतो. चकचकीत वॉर्निशमध्ये टाल्कम पावडर मिसळण्याची युक्ती जुनी आहे. कधी साधते, पण कण जाड असल्यामुळे चित्रावर पीठ पडल्यासारखं दिसण्याचा धोका राहतो. चार-पाच चित्रांना लागणाऱ्या वॉर्निशची छोटी बाटली फार महाग नसते. तिथं काटकसर करू नये.

बाटली आणली. आता हवा पाहावी. परदेशी पुस्तकांत याबद्दल लिहिलेलं असतं, पण मुंबई-कोकणात राहणाऱ्याला ते दुप्पट लागू आहे. फवाऱ्यातला थिनर झपाट्यानं उडतो आणि उडताना पृष्ठभाग थंड करतो. हवा दमट असेल तर त्या थंड पृष्ठभागावर दव धरतं आणि ते वॉर्निशमध्ये अडकून बसतं. चित्रावर धुकं उतरल्यासारखं दिसतं. पावसाळ्यात हे हटकून होतं. उलट भर दुपारच्या उन्हात फवारलं तर तुषार हवेतच वाळतात आणि चित्रावर भुकटी होऊन पडतात. आपल्या सुदैवानं किल्ल्याचे दिवस ऑक्टोबरात किंवा नोव्हेंबरात येतात. पाऊस ओसरलेला, आकाश स्वच्छ. अशा दिवशी सकाळी दव वाळल्यावर, ऊन चढायच्या आत, हे काम उरकावं. पाऊस रेंगाळला असेल तर फवारा बाजूला ठेवून पाण्यातलं वॉर्निश कुंचल्यानं लावावं.

धुकं उतरलंच तर चित्र टाकून देऊ नका. न्हाणीघराच्या खिडकीची धुरकट काच ओल्या हातानं पुसली की क्षणभर पारदर्शक होते, कारण पाणी तिचे खड्डे भरून काढतं. तसंच पांढरट पडलेल्या चित्रावर कोरड्या दिवशी चकचकीत वॉर्निशचा पातळ हात दिला की पुष्कळदा रंग परत येतो. मग नव्यानं मॅट द्यावं, या वेळी आणखी पातळ.

प्रत्यक्ष लावण्याआधी एक गोष्ट टाळू नये, ती म्हणजे चाचणी. प्रत्येक घरात एखादा हात तुटलेला मावळा असतोच. तोच इथं कामाचा. चित्रांना दिलेले सगळे रंग त्याच्यावर द्यावेत, त्यात काळा आणि सोनेरी हवेतच. त्यावर ठरवलेलं वॉर्निश, ठरवलेल्या क्रमानं लावावं आणि २४ तास हात लावू नये. मग तो दिवसाच्या उजेडात पाहावा, रात्री दिव्याखाली पाहावा, ओल्या बोटानं घासून पाहावा. वीस चित्रांवर केलेली मेहनत एका मावळ्यावर पारखून घेता येते. वॉर्निश हा शेवटचा हात असतो, त्यानंतर दुरुस्तीला जागा थोडी उरते. म्हणून ही एका दिवसाची वाट पाहणं मला सगळ्या युक्त्यांहून मोलाचं वाटतं.

लावण्याची रीत सोपी आहे. मऊ कुंचल्यानं धूळ झाडावी. कुंचल्यावर वॉर्निश थोडंच घ्यावं, वरून खाली यावं आणि वाळू लागलेल्या जागेवरून पुन्हा कुंचला फिरवू नये. पागोट्याच्या घड्या, काखा, घोड्याच्या पोटाखालची जागा, इथं वॉर्निश साचतं आणि पांढरं दिसतं. ते कोरड्या कुंचल्यानं टिपून घ्यावं. फवारा असेल तर २० ते ३० सेंटीमीटर अंतरावरून, चित्राच्या बाहेर सुरू करून चित्रावरून नेऊन पलीकडे थांबवावा. एकाच जागी धरू नये.

मातीच्या चित्रांची एक खास गोष्ट आहे. किल्ल्याची माती ओली असते, वर आपण अळीव पेरतो आणि रोज पाणी शिंपडतो. ती ओल चित्राच्या तळातून वर चढते. म्हणून मावळ्याचे रंग डोक्याआधी पायाशी सुटतात. चित्राच्या तळालाही वॉर्निशचे दोन हात द्यावेत, आणि मांडताना खाली प्लॅस्टिकची एक छोटी चकती ठेवावी. मात्र चित्र आतून ओलं असताना वॉर्निश लावलं तर तीच ओल आत कोंडली जाते आणि रंगाचे पापुद्रे काढते. आधी चार-पाच दिवस सावलीत पूर्ण वाळू द्यावं.

आणि एक इशारा. फवाऱ्यातला वायू आणि थिनर पेट घेणारे असतात. किल्ल्यावर पणत्या लागलेल्या असताना, किंवा फटाक्यांजवळ, डबा हातात घेऊ नये. फवारणी गच्चीत किंवा अंगणात, तोंडाला मास्क लावून, मोठ्या माणसानं करावी. कुंचल्याचं काम मुलांना द्यावं. आणि जे खेळणं तान्ह्या बाळाच्या तोंडात जाणार आहे, त्याला असलं वॉर्निश लावूच नये.

आता तो राहिलेला चौथा प्रश्न, काढता येण्याचा. अॅमस्टरडॅमच्या संग्रहालयात रेम्ब्रांटचं १६४२ सालचं एक अवाढव्य चित्र आहे. जग त्याला 'नाइट वॉच', म्हणजे रात्रीचा पहारा, म्हणून ओळखतं. पण त्या चित्रात रात्र नाहीच. वर्षानुवर्षांच्या वॉर्निशचे थर आणि धूळ यांनी ते इतकं काळवंडलं की लोकांना ती रात्र वाटली. १९४० च्या दशकात ते जुने थर काढले तेव्हा दिवसाचा उजेड दिसू लागला, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. त्याच चित्रावर १९९० साली एका माणसानं आम्ल फवारलं. रक्षकांनी तत्काळ पाणी मारलं आणि आम्ल वॉर्निशच्या थरापुरतंच राहिलं. खालचा रेम्ब्रांट वाचला. ज्या थरानं चित्र काळं केलं होतं, तशाच थरानं ते वाचवलंही. म्हणून संग्रहालयांतले लोक असं वॉर्निश पसंत करतात, जे गरज पडेल तेव्हा खालच्या रंगाला न दुखवता काढता येईल.

आणि काही वस्तूंना ते नकोच असतं. कामी पिसारो या फ्रान्समधल्या चित्रकारानं १८८० सालच्या आपल्या एका निसर्गचित्रामागे, याला वॉर्निश लावू नये, अशी सूचनाच लिहून ठेवली होती. रंगांचा कोरडा, मॅट स्वभाव त्याला हवा होता. आपल्याकडची राजस्थानी किंवा मुघल लघुचित्रं कागदावर रंगवत आणि अकिकाच्या दगडानं घोटत. त्यांच्यावर वॉर्निश घालणं म्हणजे त्यांचा घात करणं होय. तुमच्या घरी आजोबा-पणजोबांच्या वेळची रंगवलेली मातीची चित्रं, जुन्या गंजिफा, शिशाचे शिपाई असं काही असेल, तर उत्साहाच्या भरात त्यांना नवं वॉर्निश लावू नका. काच, कोरडी जागा आणि कमी हात लावणं, एवढीच त्यांची राखण. जुन्या रंगांत शिसं असू शकतं, म्हणून ती घासायचीही नाहीत आणि मुलांच्या खेळातही द्यायची नाहीत.

नव्या चित्रांची गोष्ट वेगळी. ती मुलांनी रंगवलीत, मुलं ती हाताळणार, पाडणार, एकमेकांना दाखवायला नेणार. त्यांना कवच हवं. तुळशीचं लग्न झालं की किल्ला मोडतो आणि चित्रं पुठ्ठ्याच्या खोक्यात जातात. त्यांना वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई उतरते. प्लॅस्टिकच्या पिशवीतही थेट नको, उन्हाळ्यात अॅक्रिलिकचा थर तिला चिकटतो. जुन्या सुती धोतराचा किंवा पातळाचा तुकडा घ्या, प्रत्येक चित्र वेगळं गुंडाळा आणि खोकं माळ्यावर पत्र्याखाली न ठेवता कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवा. खोक्यावर एक चिठ्ठी लावा. कोणते रंग वापरले, कोणतं वॉर्निश, पाण्यातलं की थिनरचं, किती हात, कोणत्या साली. पुढं कुणाला दुरुस्ती करायची झाली तर त्याला अंदाज बांधत बसावं लागणार नाही.

वॉर्निश चांगलं निवडलं आहे हे ओळखायचं कसं, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, पाहणाऱ्यानं तुम्हाला वॉर्निशबद्दल काही विचारलंच नाही तर ते चांगलं. त्यानं मावळ्याच्या चेहऱ्याबद्दल विचारावं, पागोट्याच्या रंगाबद्दल विचारावं, हे रंगवलं कुणी असं विचारावं. आणि पुढच्या वर्षी खोकं उघडल्यावर भाल्याच्या टोकावर रंग जागच्या जागी असावा. एवढं झालं की त्या थरानं आपलं काम केलं.

यंदाच्या किल्ल्यासाठी शुभेच्छा. नमस्कार.